साडूंच्या मांडीला चेन सॉ लागली, सेफ्टीचं सामान घ्यायचं तर आधी काय घ्यावं?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी, इंदूरचाच आहे. जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

सिमरोलच्या पुढे, भेरूघाटाच्या अलीकडे आमची थोडी शेती आहे, बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली. जूनच्या पहिल्याच आंधीत बांधावरचा मोठा कडुनिंब मुळासकट आडवा झाला आणि पडला तो नेमका विहिरीच्या वाटेवर. कापणारे बोलावले तर म्हणाले लाकूडही आम्ही नेणार आणि वर पैसेही घेणार, तेव्हा मला शहाणपण सुचलं का आपणच मशीन घेऊन टाकू. ऑनलाइन बघून 58 सीसीची पेट्रोल चेन सॉ मागवली, 22 इंची पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती), साडेसहा हजारांत घरपोच. सोबत एक प्लॅस्टिकचा चष्मा आणि ते पांढरे विणलेले हातमोजे फुकट. चष्म्यातून समोरचं झाड हिरवं दिसतं का निळं हेही कळत नव्हतं म्हणून तो पहिल्याच दिवशी खिशात गेला.

तीन रविवार मस्त काम झालं, बारीक फांद्या सगळ्या निघाल्या. चौथ्या रविवारी देवासहून साडू आले, म्हणाले आण इकडे, मी करतो. जीन्स, स्पोर्ट्स शूज, डोक्याला गमछा. मनगटाएवढी फांदी कापत होते, ती अचानक तुटली, मशीन भारासकट खाली आली, त्यांनी रेस सोडली आणि मशीन शरीराच्या डाव्या बाजूला लटकवली तशी चेन मांडीला टेकली. गुडघ्याच्या वर चार बोटं. आवाज काही वेगळा आला नाही हो, जीन्सचा तुकडा आत ओढला गेला आणि मशीन घुर्र करून बंद पडली. साडूंनी खाली बघितलं आणि म्हणाले, "च्यायला, नवी पँट गेली." रक्त त्यानंतर दिसलं.

14 टाके पडले. डॉक्टर म्हणाले स्नायूचा वरचा थर फाटलाय, मोठी नस मांडीच्या आतल्या बाजूने जाते, तिकडे लागलं असतं तर इतक्या लांबून गाडीत घालून आणेपर्यंत काय झालं असतं ते मी सांगत नाही.

आता घरात दोन पार्ट्या. बायको म्हणते मशीन भंगारात दे. बाबा म्हणतात सगळे मजूर चपला घालून कापतात, तुम्ही शहरातली पोरं नाजूक. मी मधला मार्ग म्हणून सेफ्टीचं सामान बघायला गेलो तर डोळे पांढरे झाले. पायाला बांधायचे ते चॅप्स की काय ते नऊ हजार! मशीनपेक्षा पँट महाग. ऑनलाइन तेराशेला "कट-प्रूफ" पँट पण दिसतेय, ती चालेल का? आणि सगळं एकदम घेणं जमणार नाही, तर आधी काय घेऊ? जाड खोड अजून तसंच पडलंय, मुळं वर करून.

पाना_पक्कड

राणीपुऱ्याकडे छोट्या इंजिनांचं रिपेअरिंग करतो, स्प्रे पंप, ब्रश कटर, चेन सॉ. सामानाचं नंतर सांगतो, आधी एक सांगा. रेस पूर्ण सोडल्यावर चेन जागेवर थांबत होती का हळूहळू फिरत राहायची? आणि स्लोचा स्क्रू, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालत राहील ते ठरवणारा, कोणी छेडला होता का?

सुदामानगरकर

तुम्ही ज्योतिषी आहात का भाऊ.

मशीन गरम झाल्यावर सारखी बंद पडत होती. दर दोन मिनिटांनी रस्सी ओढून खांदा गेला म्हणून दुसऱ्या रविवारी व्हिडिओ बघून तो स्क्रू मीच अर्धा फेरा पिळला. मग बंद पडेना. चेन थोडी थोडी फिरायची हे दिसत होतं, मला वाटलं असंच असेल. साडूंना हे अजून सांगितलेलं नाही.

पाना_पक्कड

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार मशीनी अशाच असतात म्हणून विचारलं, ज्योतिष काही नाही.

बघा, आत स्कूटीसारखा सेंट्रीफ्यूगल क्लच असतो. इंजिन स्लोवर असेल तर क्लचचे बूट आत राहतात आणि चेन उभी राहते, रेस दिली का बूट बाहेर फेकले जातात, ड्रम पकडतात, चेन पळते. तुम्ही स्लो वाढवून ठेवला म्हणजे क्लच अर्धवट पकडूनच होता. साडूंनी बोट काढलं तेव्हा त्यांच्या हिशोबाने चेन थांबली होती, पण ती थांबलीच नाही. मशीन बंद पडते तर एअर फिल्टर साफ करायचा, कार्बोरेटर बघायचा, पेट्रोलमधलं 2टी ऑइलचं प्रमाण बघायचं, स्क्रू शेवटी. आणि बसवल्यावर कसोटी एकच: मशीन जमिनीवर, स्लोवर, चेन मुंगीएवढीही हलता कामा नये.

दुसरं म्हणजे समोरच्या हँडलच्या पुढे ती काळी प्लॅस्टिकची पाटी असते ना, बहुतेकांना वाटतं ती हाताला काटक्या लागू नयेत म्हणून आहे. तो ब्रेक आहे. पुढे ढकलली का चेन लॉक. दोन पावलं जरी सरकायचं असेल, फांदी बाजूला करायची असेल, ब्रेक मारूनच. रोज काम सुरू करताना एकदा रेस देऊन ब्रेक मारून बघायचा, चेन खटकन थांबली पाहिजे, रेंगाळली तर ब्रेकच्या पट्ट्यात भुगा आणि तेल भरलंय.

आता पँट. तेराशेवाली घेऊ नका. कट-प्रूफ म्हणून जे विकतात ते चाकू, पत्रा, काच यांच्यासाठी असतं, त्याची टेस्ट वेगळी. चाकू एक रेघ मारतो, चेनचे दात ओढतात. चॅप्सचं काम कसं चालतं ते माझ्या दुकानात टांगलंय, कधी या बघायला. चोरलकडच्या एका प्लांटेशनवाल्याचे आहेत, फाटलेले. वरचं कापड एका विताएवढं उघडलंय आणि आतून पांढरे धागे बाहेर आलेत, हुबेहूब सुतरफेणी. बारीक, लांब, सुटे धागे, थरावर थर. चेनने वरचं कापड कापलं का दाताला हे धागे अडकतात, वावभर खेचले जातात आणि गरारीभोवती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती, गच्च गुंडाळून बसतात, मशीन जागीच बंद. म्हणजे चॅप्स चेनला अडवत नाहीत, तिच्या तोंडात कापूस कोंबतात. त्या मशीनचं कव्हर काढून गरारीतून धागे चिमट्याने उपसायला मला तासभर लागला आणि त्या माणसाच्या पायावर फक्त एक निळा डाग होता.

घेताना आतल्या लेबलवर आयएसओ 11393 किंवा जुन्या मालावर ईएन 381 लिहिलेलं बघा, शेजारी ढालीत चेन सॉचं चित्र असतं. क्लास पण लिहिलेला असतो, क्लास 1 म्हणजे सेकंदाला 20 मीटर चेन स्पीडवर टेस्ट केलेलं, क्लास 2 म्हणजे 24, क्लास 3 म्हणजे 28. तुमच्या कामाला क्लास 1 भरपूर. एकदा चेन लागली का ते चॅप्स बाद, शिवून वापरायचे नाहीत, शिवलं का धागे शिलाईत अडकतात आणि मग ओढलेच जात नाहीत.

माझं मत, पहिले पैसे चॅप्सवर. चेन सॉच्या जखमा सगळ्यात जास्त पायालाच होतात आणि त्यातही डाव्या, कारण मशीन धरायची पद्धतच तशी आहे. साडूंचं उदाहरण समोर आहेच.

निमाडी_मिरची

सनावदहून. हे सगळं वाचायला छान वाटतं भिया. 43 डिग्रीत ते रजईसारखं पायाला बांधून, डोक्याला हेल्मेट, कानाला डबे, तोंडाला जाळी लावून तासभर काम करून दाखवा, चेन राहू द्या, लू लागूनच माणूस पडेल. आमच्याकडचा कापणारा वीस वर्षं झाली बाभळी कापतोय, पायात स्लीपर, तोंडात बिडी. विचारलं तर म्हणतो, "कुछ नी होता बाबूजी, हाथ सध गया है." सवयीचा हात हीच सेफ्टी. नवशिक्याने मशीनला हातच लावू नये हे खरं, पण नऊ हजारांची पँट म्हणजे कंपन्यांचे चोचले.

ओटी_सिस्टर_रिटायर्ड

निमाडी मिरची दादा, तुमच्या त्या कापणाऱ्याला माझा नमस्कार सांगा आणि डाव्या हाताची बोटं मोजून बघा एकदा. थट्टा नाही करत.

मी 31 वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. सुरीची जखम शिवायला सोपी, कडेला कड जुळते. चेनची तशी नसते. ती नुसतं कापत नाही, तिचे दात जवळजवळ 6-7 मिलिमीटर रुंदीची पट्टीच खरवडून काढून नेतात. लाकडात तुम्ही जी फट बघता तेवढंच मांस गेलेलं असतं. मग दोन कडा ओढून आणायच्या, मधे ताण. आणि आत काय काय सापडतं विचारू नका, जीन्सचे निळे धागे, भुगा, साल, चेनचं काळं तेल. एका पोराच्या नडगीत मी आणि सर्जन मिळून तासभर चिमट्याने धागे वेचले होते. म्हणून टाके 14 ऐकून कमी वाटतात, खरी काळजी नंतरच्या इन्फेक्शनची असते. साडूंना ताप, जखमेभोवती लाली, ठणका वाढला तर वाट बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं ना?

एक गंमत, नर्सिंगच्या मुलींना सांगायचे मी. चेनवर दात बसवून कापायची कल्पना लाकडासाठी नव्हतीच, ती हाडासाठी होती. 1830 च्या सुमाराला बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन माणसाने हाताने फिरवायची अशी करवत बनवली, ऑस्टिओटोम म्हणतात तिला. हाड कापायलाच जन्मलेली वस्तू आहे ही, तेव्हा तिच्यासमोर जीन्स घालून उभं राहताना आठवा.

शेतावर असं झालं तर काय करायचं तेही लिहून ठेवते कारण तुमच्या पोस्टमध्ये त्याबद्दल काहीच नाही, म्हणजे तुम्ही त्या दिवशी घाबरून नुसते गाडीकडे पळाला असणार. स्वच्छ कापड, नसेल तर तोच गमछा, जखमेवर ठेवायचा आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबायचं. दर मिनिटाला उघडून बघायचं नाही, सगळे हेच करतात. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं. तरी रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर चार बोटं रुंद पट्टा बांधून त्यात काठी घालून पिळायची, रक्त थांबेपर्यंत, सांध्यावर बांधायचं नाही, आणि किती वाजता बांधलं ते लिहायचं. मधे सैल करायचं नाही, ते दवाखान्यात करतील. हळद, चहापत्ती, डिझेल काहीही भरायचं नाही, मी हे तिन्ही जखमेतून धुतलेलं आहे. बोट तुटलं असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, पिशवीचं तोंड बंद करून मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट सरळ बर्फात टाकलेलं मी बघितलंय, ते जळून जातं, मग जोडता येत नाही. 108 लावताना जवळची खूण काय सांगायची ते काम सुरू करायच्या आधी ठरवा, आणि एकट्याने मशीन लावूच नका.

आणि उन्हाचं म्हणाल दादा तर ते खरं आहे, नाकारत नाही. मग सकाळी सहाला सुरू करून नऊला बंद करायचं. झाड पडलेलंच आहे, ते कुठे पळून जाणार.

बोअर_इंजिनियर

हात सधलेला असला का काही होत नाही, या मुद्द्यावर थोडं बोलतो, मला राहवत नाही.

फुल रेसवर चेन सेकंदाला 20 मीटर पळते असं धरू, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. माणसाला काहीतरी दिसलं, समजलं, हात हलला, यात पाव सेकंद तरी जातो, सचिन असला तरी. पाव सेकंदात 5 मीटर चेन निघून गेलेली असते. 22 इंची पट्टीवरची पूर्ण चेन साधारण 1.4 मीटर भरते, म्हणजे तुमचा हात हलायच्या आधी सगळे दात साडेतीनदा फिरून गेले. यात सवय काय करणार? सवय तुम्हाला चुकीच्या जागी उभं राहू देत नाही एवढं खरं, पण एकदा मशीन उसळली का नवखा आणि वस्ताद दोघे सारखेच.

आणि उसळते कशी ते सांगतो, किकबॅक म्हणतात ते. पट्टीचं टोक बघा, गोल असतं. त्या गोलाचा वरचा पाव भाग, घड्याळाच्या भाषेत पट्टी उजवीकडे तोंड करून असेल तर बारा ते तीनमधला, तो कशालाही टेकला का संपलं. तिथे चेन पुढे जाऊन खाली वळत असते, दात लाकडात रुततो, चेनला पुढे जायला जागा नाही, मग तेवढ्याच जोराने पट्टी वर आणि मागे फेकली जाते. मागे म्हणजे तुमचं तोंड, मान, डावा खांदा. आणि गंमत म्हणजे तुम्ही जी फांदी कापताय तिच्यामुळे हे होत नाही, तिच्या मागे पानांत लपलेल्या दुसऱ्या फांदीला टोक लागतं तेव्हा होतं. पडलेल्या कडुनिंबात तर असल्या फांद्याच फांद्या.

म्हणून डावा अंगठा हँडलच्या खालून पूर्ण वळलेला पाहिजे, सगळी बोटं एका बाजूला ठेवून धरतात तसं नाही. अंगठा गुंडाळलेला असेल तर मशीन उसळताना हात जागेवर राहतो आणि मनगट त्या काळ्या पाटीवर आपटून ब्रेक लागतो, चांगल्या मशीनीत झटक्यानेच ब्रेक लागायची पण सोय असते. उभं राहायचं पट्टीच्या रेषेत नाही, जरा डावीकडे, डोकं कधीच पट्टीच्या वर नाही. खांद्याच्या वर मशीन नेऊन कापायचं नाही. शिडीवर तर नाहीच नाही.

पाना पक्कड साहेबांशी माझा एकच मतभेद, मी पहिले पैसे हेल्मेटच्या सेटवर घालीन. एकत्र मिळतो, टोपी, समोर जाळी, कानाचे मफ, दीड-दोन हजारांपासून चालू होतो. कान हा विषय कोणी घेतच नाही, पेट्रोल चेन सॉ सहज 100 डेसिबलच्या वर जाते, 85 नंतर कान जायला सुरुवात होते आणि गेलेला परत येत नाही. सुदामानगरकर, काम झाल्यावर संध्याकाळी कानात शिट्टी वाजत होती ना? जाळीच्या आत साधा पॉलिकार्बोनेटचा चष्मा पण लावा, बारीक भुगा जाळीतून येतो. आणि हो, घरी पडलेलं बाइकचं हेल्मेट नका घालू, काच धुक्याने भरते आणि आजूबाजूचं काही दिसत नाही. गमछा गळ्यात लोंबता नको.

आता तुमचं खोड, मला पँटीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटतेय. मुळं वर करून पडलंय म्हणालात. मुळांबरोबर मातीची मोठी थाळी उभी राहिली असेल ना, खाली खड्डा? खोडाच्या वजनाने ती तिरकी धरून ठेवलीय. तुम्ही बुंध्याजवळ खोड तोडलं का वजन गेलं, थाळी धप्पकन परत खड्ड्यात बसते आणि उरलेला बुंधा सरळ उभा राहतो, टनभर माती घेऊन. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, कुत्री सावलीला बसतात. तो शेवटचा काप ट्रॅक्टरची साखळी बांधून किंवा जेसीबी लावून जाणकाराकडूनच करून घ्या.

बाकीचं खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते, खालची ताणलेली. वरून कापत गेलात तर फट मिटते आणि पट्टी आत अडकते, मग माणूस ओढाताण करतो आणि तिथेच अपघात. वरून एक तृतीयांश कापायचं, मग खालून वर यायचं. एकच टोक टेकलेलं असेल तर उलटं. आणि बारीक फांद्या ज्या खोडाखाली वाकून दबल्या आहेत त्या धनुष्यासारख्या असतात, सरळ कापल्या का तोंडावर येतात.

(विषयांतर: शेतातलं ठीक, पण शहरात घरासमोरचं झाड असं मनाने कापू नका, मध्यप्रदेशात शहरी झाडांसाठी 2001 चा कायदा आहे, परवानगी लागते.)

निमाडी_मिरची

सिस्टर ताई, आज मुद्दाम विचारलं. बोटं दहा आहेत. पण डाव्या पायावर नडगीला वीतभर जुनी खूण आहे, म्हणे "वो तो पहले साल की है." त्याने धोतराचा बोळा करून बांधला होता आणि दुसऱ्या दिवशी कामावर. मी वीस वर्षांत कधी बघितलीच नव्हती, मीच त्याला बोलावतो तरी.

एक विचारायचं होतं, घरी 4 इंची ग्राइंडर आहे, त्याला लावायची चेनची चकती मिळते चार-पाचशेला, फांद्या छाटायला. ती चालेल ना? तिला तर पँट-बिंट नको.

पाना_पक्कड

दादा हात जोडतो, ती घेऊ नका. ग्राइंडर 11,000 आरपीएमवर फिरतो, चेनला ना क्लच ना ब्रेक, ना पुरेसं गार्ड. बटण स्लाइडचं असेल तर हातातून सुटल्यावरही चालूच राहतो. माझ्याकडे रिपेअरिंगला येतो तो ग्राइंडर, माणूस दुसरीकडे गेलेला असतो. छाटणीला आपली करवत किंवा कोयता.

आणि बॅटरीवाली छोटी मशीन घेणाऱ्यांसाठी, लाइट म्हणून ती खेळणं समजू नका. पेट्रोल मशीन धागे अडकले का गुदमरते, इलेक्ट्रिक मोटर स्लोवरही पूर्ण ताकद लावते, धाग्यांतून पुढे जाऊ शकते. चॅप्स घालाच, पण त्याच भरवशावर राहू नका.

ओटी_सिस्टर_रिटायर्ड

सुदामानगरकर, एक प्रश्न माझाही. हे नऊ हजारांचं घ्याल ते तुमच्या मापाचं घ्याल. पण तीन रविवारांनंतर तुमची हौस फिटेल (माझ्या मिस्टरांची फिटली होती, ड्रिल मशीन होतं), मग मशीन चालवणार शेतावरचा माणूस. तो काय घालणार? चॅप्स तुमच्या गोदामात खिळ्याला आणि तो लुंगीत, असं व्हायला नको.

सुदामानगरकर

चार दिवस झाले, उशीर झाला उत्तराला.

पहिलं, स्क्रूचं साडूंना सांगितलं. फोनवर दहा सेकंद शांतता, मग म्हणाले टाके निघू दे, मग बघतो तुला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ताई, ताप नाही, काल ड्रेसिंगला डॉक्टरांनी अजून एक निळा धागा काढला, तुमचीच आठवण आली.

मशीन पाना पक्कड यांच्याकडे नेली, आता स्लोवर चेन हलत नाही. एअर फिल्टर उघडला तर भुग्याची वडी निघाली आत. चेनला पण धार नव्हती, मी म्हणालो पीठ छान बारीक पडतं, ते म्हणाले पीठ पडतं म्हणजेच धार गेली, चेन धारदार असली का छिलके पडतात, बोथट चेनला माणूस जोर लावतो आणि तिथेच घसरतो. कानशीने धार लावायला शिकवली. ती सुतरफेणी पण बघितली. फोटो काढून बायकोला पाठवला, त्यावरून घरात तह झाला, मशीन भंगारात जाणार नाही पण चॅप्स आल्याशिवाय चालू होणार नाही.

हेल्मेटचा सेट आला. बाबांनी घालून बघितला, मफ खाली ओढले, आई काहीतरी बोलत होती, ते म्हणाले ही वस्तू चांगली आहे, आणि चहा होईपर्यंत काढलाच नाही.

सिस्टर ताईंनी विचारलं ते डोक्यातून जाईना म्हणून पट्ट्यांचे चॅप्स बघतोय, मागून उघडे, बकलवाले, म्हणजे मी आणि शेतावरचे काका दोघांना होतील. पण माझी उंची पाच आठ, काका पाच दोन. लांबी कोणाच्या मापाने घेऊ? आणि धुवायचे कसे, तेलाने भरतात म्हणे.

पाना_पक्कड

लांबी ज्याच्या हातात मशीन जास्त वेळ असणार त्याच्या मापाने, म्हणजे काकांच्या. कमरेपासून बुटाच्या वरच्या भागावर येईल इतकी, जमिनीवर लोळले तर पाय अडकून पडतील. तुम्हाला ते दोन-तीन इंच आखूड होतील, मग तुम्ही उंच लेदर बूट घाला, लोखंडी टोपीवाले. स्पोर्ट्स शूजमध्ये परत दिसू नका. मागची सगळी बकलं लावायची, एक जरी सुटं राहिलं का चेन चॅप्सलाच फिरवून बाजूला करते आणि पाय उघडा.

धुवायचं थंड पाण्यात, साध्या साबणाने, हाताने. मशीनमध्ये पिळायचं नाही, कपडे मऊ करायचं ते निळं पाणी टाकायचं नाही, इस्त्री नाही, ब्लीच नाही. सावलीत उलटं टांगायचं. तेल तसंच राहू दिलं तर धागे चिकटून बसतात, मग खेचले जात नाहीत.

काकांच्या पायाचं माप घेऊन शनिवारी या, सोबत काकांनाच आणलंत तर बरं, बांधायचं कसं ते मी त्यांनाच दाखवतो.